राज्य गेले, विद्या राहिली : तंजावूरचे सरफोजीराजे

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन करण्यात आल्या आहेत. रुग्णाची तक्रार आणि त्याच्यावर झालेले उपचार यांच्यासोबत त्यांत आजारी डोळ्यांची हाताने काढलेली चित्रेही आहेत. छायाचित्रणाचा शोध सार्वजनिक होण्यापूर्वीच्या काळातील हे काम तंजावूरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या आश्रयाने झाले.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ साली भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. निपुत्रिक असलेल्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाराजांचे निधन झाले. त्यानंतर दत्तविधान अशास्त्रीय ठरवण्यात येऊन तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादी मिळाली. बाल सरफोजींच्या रक्षणाची व शिक्षणाची जबाबदारी जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी घेतली. राजवाड्यात त्यांची सुरक्षितता धोक्यात आल्याने १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांना इंग्रजीसह युरोपीय विद्यांचे शिक्षण मिळाले. पुढे पंडितांच्या मतांची फेरतपासणी होऊन दत्तविधान वैध ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले.

मात्र, हे राज्य त्यांच्याकडे फार काळ राहिले नाही. १७९९ च्या तहान्वये तंजावूर प्रांताचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांना तनखा व महसुलातील ठरावीक वाटा मिळाला, पण सत्ता तंजावूरचा किल्ला आणि नजीकच्या परिसरापुरती उरली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. सैन्य आणि मुलूख हातून गेलेल्या या राजाने उर्वरित आयुष्य विद्येच्या कामी लावले.

या कामाचे एक प्रमुख केंद्र म्हणजे धन्वंतरी महाल. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. मनुष्य आणि पशू या दोहोंसाठी तेथे औषधे तयार होत. अनुभवास उतरलेल्या औषधयोगांचे संकलन करून ते तमिळ पद्यात रचण्यात आले. राजांच्या शरभेंद्र या नावावरून हे ग्रंथ ओळखले जातात.

शस्त्रक्रिया केवळ ग्रंथ वाचून येत नाही, हे तत्त्व भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून परिचित होते. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या हाताला सराव देण्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, तर काढून घेण्याच्या क्रियेचा सराव मृत पशूंच्या दातांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. आजचे दंतवैद्यक विद्यार्थीही रुग्णाच्या तोंडात हत्यार घालण्यापूर्वी कृत्रिम दातांवर हात बसवतात. पुढच्या दातांची डागडुजी असो वा डोळ्यातील मोतीबिंदू, कौशल्य हातात उतरावे लागते आणि तेथे चूक लपत नाही.

धन्वंतरी महालातील नेत्रोपचारांत मोतीबिंदूच्या उपचाराला महत्त्वाचे स्थान होते. जुन्या भारतीय पद्धतीत सुईसारख्या शस्त्राने डोळ्यातील गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारले जाई. युरोपात ते बाहेर काढण्याची पद्धत अठराव्या शतकात पुढे आली होती. दोन्हींत हात किंचित चुकला तरी दृष्टी कायमची जाण्याचा धोका असे. म्हणूनच सचित्र नोंदींचे मोल मोठे होते. एका रुग्णाच्या बाबतीत मिळालेला अनुभव त्यांच्याद्वारे पुढच्या वैद्याला उपलब्ध होत असे.

शिक्षणाबाबतही राजांची दृष्टी व्यापक होती. राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय सुरू करून इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर छापण्यात आले. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्रात वाटसरूंना अन्न, विद्यार्थ्यांना शिक्षण आणि आजाऱ्यांना उपचार मिळत. काशीयात्रेसह निरनिराळ्या मार्गांनी मिळवलेली हस्तलिखिते आणि युरोपातून मागवलेले ग्रंथ यांमुळे सरस्वती महालाचा संग्रह समृद्ध झाला.

मार्च १८३२ मध्ये सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंततीविना निवर्तले आणि कंपनीने तंजावूरचे उरलेसुरले राज्यही संपुष्टात आणले. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, मराठी व तेलुगू हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांसमवेत त्या नेत्ररुग्णांच्या नोंदीही तेथे आहेत. ज्या राजाला मुलूख राखता आला नाही, त्याच्या प्रजेतील सामान्य माणसांच्या दुखण्याची नोंद मात्र अशा रीतीने राखली गेली.