गळ्याच्या मापाचा तंबोरा

मागच्या गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला एक तंबोरा आणला होता. चांगला पाच फुटी. गाणारी मुलगी काळी चारमध्ये गाणार, म्हणून आम्ही खुंटी पिळत गेलो आणि तार फटकन् तुटली. मग कुणीतरी सांगितलं की हा पुरुषी तंबोरा आहे, बायकांचा वेगळा, लहान असतो. कॉन्व्हेंटात पियानोशिवाय काही न पाहिलेल्या मला हे नवीनच होतं. तिथून शोधत शोधत मी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांपर्यंत पोचलो.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैरानाचा. त्यावरूनच किराना घराणं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात होते. तिथे ताराबाई माने यांच्याशी सूर जुळले आणि दोघांनी बडोदा सोडलं. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं. वणीहून मिरज म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक, पण तंबोऱ्याचं माहेर तेच. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारं घडवायचं सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, आणि अजूनही त्या गावात हे काम चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, दांडी तुणीच्या लाकडाची.

अशा गावात हा माणूस राहिला हे योग्यच झालं, कारण खाँसाहेब नुसते गवई नव्हते. बीन आणि सारंगी वाजवायचे, वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय गाणं सुरू होत नसे. त्यांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा. अशा आवाजामागे ढोबळ खर्जाचा तंबोरा ठेवला तर दोघंही आपापल्या वाटेने जाणार.

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. काळी एक ते काळी चार म्हणजे कंपनसंख्या साधारण दीडपट. तार तीच, लांबी तीच ठेवली तर ताण सव्वादोन पट लागतो. तार तुटेल नाहीतर काय! म्हणून बायकांसाठी तंबोरा चार फुटांच्या आसपास आणि तारा बारीक. उलट लहान तंबोरा खाली उतरवला तर तारा ढिल्या पडतात, जवारी बोलत नाही. म्हणजे आधी गळा, मग तंबोरा. विकत घेताना आपण नेमकं उलटं करतो.

खाँसाहेबांना या मोजमापाची फार ओढ. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुतींचा अभ्यास करत होते. त्यांना खाँसाहेबांनी गाऊन स्वर दाखवले. घराण्याची विद्या लपवून ठेवायच्या काळात हे सोपं नव्हतं. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य.

पण घर टिकलं नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, आणि मुलांनी आईचं माने नाव लावलं. सुरेशबाबू, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे हे सगळे मोठे कलावंत झाले, तेही वडिलांपासून दूर राहून. हिराबाईंनी तर स्त्रियांच्या जाहीर मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. शेकडो शिष्यांना सूर देणाऱ्या बापाला हे लांबून ऐकताना काय वाटलं असेल? मला तरी हा भाग वाचून पुस्तक जरा वेळ बाजूला ठेवावं लागलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमालकोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. सांगतात की प्लॅटफॉर्मवरच त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत प्राण सोडला. तारीख होती २७. देह मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.