थांबण्याचे बळ : रेव्हरंड नारायण वामन टिळक

डोकमर्डी-सिल्वासाच्या परिसरावर २ ऑगस्ट १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. अशा भूमीत ख्रिस्ती धर्म दीर्घकाळ राज्यकर्त्यांचा धर्म म्हणूनच ओळखला जावा, हे स्वाभाविक होय. मराठी मुलखात मात्र एका कवीने तो अभंग-भजनांच्या वेषात घराच्या ओसरीपर्यंत आणून बसविला. ते कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते मराठी वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या काव्याइतकीच विलक्षण अशी एक साधना त्यांच्या आयुष्यात आढळते, आणि ती म्हणजे प्रतीक्षा.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईच्या ठायी भक्ती व कवित्व होते. वडील कठोर होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले व टिळकांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका ही लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरी आली. टिळकांची वृत्ती उदार, परंतु स्वभाव उतावीळ आणि तापट होता. एका गावी, एका नोकरीत स्थिर राहणे त्यांना जमले नाही. मनात आले की निघावे, हातात आले की देऊन टाकावे, असा त्यांचा खाक्या होता. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला आली.

नागपुरात काही काळ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाखाली वाङ्मयीन कार्य केल्यानंतर, १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला आणि त्या गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. जातिभेदाने दुभंगलेल्या समाजाला जोडणारे काहीतरी आपल्याला गवसले, असे त्यांना वाटले. सुमारे दोन वर्षांच्या मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेताच अमलात आणला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. त्यांचे माहेर पराकोटीच्या सोवळ्याचे, पदरी लहानगा दत्तू आणि पती जातीबाहेर गेलेला. जिवंत पतीपासून दुरावण्याचे दुःख उरी घेऊन त्या आप्तांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी दिवस कंठू लागल्या. टिळकांच्या चरित्रातील हा डाग झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या सत्यनिष्ठेची किंमत दुसऱ्याच जिवाला मोजावी लागली.

मात्र इथूनच टिळकांचे दुसरे शिक्षण सुरू झाले. स्वतःच्या बाबतीत घाई करणारा हा पुरुष पत्नीच्या बाबतीत थांबायला शिकला. कायद्याचा बडगा उगारणे, मुलाला हिरावून घेणे अथवा दुसरा संसार थाटणे हे मार्ग त्यांनी स्वीकारले नाहीत. पत्रे लिहीत राहणे, आपल्या घराचे दार उघडे ठेवणे आणि बाकीचे देवावर सोपविणे, एवढेच त्यांनी केले. जवळजवळ पाच वर्षे अशी गेली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही आणि टिळकांनीही ते सोडण्याचा आग्रह धरला नाही. जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू, स्वतःच्याच अनुभवातून रुजला. आधी विटाळाची भीती गेली, मग श्रद्धा आली. १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. फळ झाडावरच पिकले, म्हणून ते गोड निघाले.

एकत्र आलेले हे घर पुढे अनेकांचे घर झाले. पोरकी मुले, विद्यार्थी, गरजवंत यांना तिथे आसरा मिळाला. निसर्गकवी बालकवी ठोमरे हेही काही काळ या कुटुंबात राहिले. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. प्रेमाच्या पंक्तीला धर्मांतराची अट नव्हती. १९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. उपासनेत परकी चाल नको, ज्ञानेश्वर-तुकोबांच्या भाषेतच ख्रिस्ताचे गुण गावे, ही त्यांची भूमिका होती. त्यांची कित्येक भजने मराठी ख्रिस्ती मंडळींत आजही गायिली जातात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी या दरबारात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ज्याची वेळ आली नाही त्यालाही पंगतीत पाट मांडलेला असावा, हा धडा त्यांना स्वतःच्या संसाराने दिला होता, असे म्हणता येईल. दरबार रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि ती मंडळीही पुढे टिकू शकली नाही.

त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. पुत्र देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या, त्यातून 'स्मृतिचित्रे' हा मराठीचा अलंकार घडला. १९३६ साली लक्ष्मीबाईंनीही इहलोकीची यात्रा संपविली. ज्या पत्नीला मागे टाकून टिळक एकदा पुढे निघून गेले होते, तिनेच त्यांचे राहिलेले कार्य सिद्धीस नेले. एकाने वाट पाहिली, दुसरीने ती वाट पुरी केली. ग्रंथालयाच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' हाती लागेल, तेव्हा वाचकाने त्यातील विनोदाबरोबर ही प्रतीक्षाही अवश्य वाचावी.