ॲनी ओकली

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डार्क परगण्यात, एका गरीब शेतकऱ्याच्या लाकडी घरात १८६० साली ॲनीचा जन्म झाला. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील हिमवादळात सापडून गारठले आणि त्या दुखण्यातच १८६६ साली वारले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. आई आजाऱ्यांची शुश्रूषा करून चार पैसे मिळवी; पण तेवढ्यावर भागत नसे.

वडिलांची जुनी ठासणीची रायफल मात्र घरात होती. आठ वर्षांच्या ॲनीने ती हाती घेतली. ही बंदूक भरणे म्हणजे पोरखेळ नव्हता. प्रथम मापाने दारू मोजून नळीच्या तोंडातून आत ओतावयाची. मग चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी धरून ती नळीच्या तोंडावर बसवावयाची आणि लांब गजाने ठासत थेट दारूला भिडेपर्यंत खाली न्यावयाची. नळीच्या आत पेचदार खाचा असत. कापडामुळे गोळी त्यांत घट्ट बसे आणि सुटताना भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाई. गोळी व दारू यांमध्ये पोकळी राहिली, तर नळीच फुटण्याचे भय! गज बाहेर काढला, की मागील बारीक छिद्राच्या तोंडावर तांब्याची टोपी चढवावयाची. चाप ओढताच घोडा तिच्यावर आदळे, ठिणगी आत जाई आणि बार उडे.

पुन्हा बंदूक भरीपर्यंत ससा कोठल्या कोठे पसार होई. नेम चुकला, तर दारू व शिसे फुकट जाई आणि घरची मंडळी उपाशी राहत. एकच गोळी, आणि तीही अचूक! ॲनीचा हात या गरजेने तयार झाला.

पुढे काही काळ तिला परगण्याच्या अनाथगृहात राहावे लागले. तेथून एका कुटुंबाने तिला कामास नेले व तिचे अतोनात हाल केले. त्या माणसांचे नाव तिने कधीच उच्चारले नाही. ती त्यांना लांडगे म्हणे. अखेर तेथून पळून ती घरी आली आणि पुन्हा रानात शिरली. आता तिची शिकार ग्रीनव्हिल गावच्या दुकानात विकली जाऊ लागली व तेथून सिनसिनाटीच्या हॉटेलांत जाऊ लागली. पंधराव्या वर्षी तिने आईच्या शेतावरील कर्ज फेडून टाकले.

सिनसिनाटीजवळ फ्रँक बटलर या नाणावलेल्या नेमबाजाशी तिचा सामना झाला. पंचवीस नेमांपैकी बटलरचा एक चुकला. ॲनीचा एकही नाही. हरलेल्या बटलरने मनात अढी धरली नाही. दोघांचा विवाह झाला आणि पुढे स्वतःचे खेळ सोडून तो तिच्याच खेळांची व्यवस्था पाहू लागला.

१८८५ मध्ये ॲनी बफेलो बिलच्या प्रसिद्ध खेळात सामील झाली. उंची अवघी पाच फूट; पण कडेने धरलेला पत्त्याचा पातळ पत्ता ती गोळीने छेदी. तोवर काडतुसांच्या बंदुका आल्या होत्या. दारू ठासण्याचा खटाटोप उरला नव्हता. १८८७ साली लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियानेही तिचा खेळ पाहिला. स्त्रियांनी बंदूक चालवावयास शिकावे असे तिला मनापासून वाटे, आणि अनेक स्त्रियांना तिने स्वतः शिकविले.

१९२२ साली मोटारीच्या अपघातात तिला मोठी दुखापत झाली; तरी तिने पुन्हा बंदूक हाती धरली. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे तिचे निधन झाले. त्याच महिन्यात बटलरही वारला.