विश्लेषण : नागपूरचे सी. के. नायडू इंदूरचे कसे झाले?

भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधार कोट्टारी कनकय्या नायडू यांचे नाव घेतले की इंदूर आणि होळकर संघ आठवतो. पण त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरचा. शिक्षण हिस्लॉपमध्ये झाले आणि क्रिकेटची पहिली वर्षेही याच शहरात गेली. मग नागपूर सुटले कसे?

घरची परिस्थिती कशी होती?

नायडू कुटुंब तेलुगू. नागपुरात वकिलीत जम बसलेले, सुखवस्तू. वडील केंब्रिजला शिकलेले. त्यामुळे बॅट, चेंडूची वानवा नव्हती. उंच, शिडशिडीत सी. के. फलंदाजीत जोरकस फटक्यांसाठी ओळखले जात आणि मध्यम-संथ गती गोलंदाजीही करत. ही दुसरी बाजू आज विसरली जाते. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर ४११ बळी आहेत!

मोठ्या क्रिकेटमध्ये प्रवेश कसा मिळाला?

अडचण इथेच होती. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ मध्ये. त्याआधी मोठी स्पर्धा म्हणजे मुंबईची चौरंगी. तिथे संघ शहरांचे नव्हते. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे होते. नागपूरच्या नावाने तिथे कुणी उतरूच शकत नव्हता. १९१६ मध्ये नायडूंना हिंदू संघात घेतले गेले ते युरोपियनांविरुद्ध. ७ बाद ७९ अशी अवस्था असताना ते नवव्या क्रमांकावर आले. तीन चेंडू शांतपणे अडवले, चौथा सीमेपार भिरकावला. षटकार!

इंदूरला जावे का लागले?

खेळून पोट भरण्याची सोय तेव्हा नव्हती. स्पर्धा वर्षातून एकदा, बाकीचे महिने नोकरीधंदा. वाट होती ती संस्थानिकांच्या दरबारातून. राजा खेळाडूला सैन्यात किंवा कचेरीत हुद्दा देई आणि खेळायला मोकळीक देई. पुढे विजय हजारेही असेच बडोद्याच्या पदरी राहिले. नायडूंना १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी बोलावून सैन्यात कॅप्टन केले. नागपूरकडे देण्यासारखे तसे काही नव्हते.

देशाला ओळख कधी पटली?

१ डिसेंबर १९२६, मुंबई जिमखाना. आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाने ३६३ धावा केल्या होत्या, त्यात गाय अर्ल यांची तुफानी १३०. उत्तरादाखल नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा कुटल्या. १३ चौकार, ११ षटकार. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट दिली. भारतीय खेळाडू कसोटीच्या तोडीचे आहेत, हे गिलिगन यांना या दौऱ्यात पटले. १९२८ मध्ये क्रिकेट मंडळ स्थापन झाले.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार मात्र पोरबंदरचे महाराज होते, उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. महाराजांनी स्वतःची कुवत ओळखून माघार घेतली, राजकुमार जखमी झाले, आणि २५ जून रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीला नायडू गेले. हाताला दुखापत असतानाही पहिल्या डावात त्यांनी संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या.

त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने पुढे रणजी करंडक जिंकला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. नागपूरच्या विदर्भ संघाला पहिल्या रणजी करंडकासाठी २०१७-१८ च्या हंगामापर्यंत थांबावे लागले. तो अंतिम सामना झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.