राजाची केशरी गाडी

मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या धुळ्यावरून जातो. एखादी बुटकी, झळझळीत परदेशी गाडी गुरगुरत ढाब्यावर थांबली की पोरं भोवती गोळा होतात आणि आम्हा बायकांचा प्रश्न ठरलेला: एवढ्या पैशात बंगला नसता का झाला? जागा दोघांचीच. ना डाळीचं पोतं मावत, ना सासूबाई! मग माणसं अशा गाड्या घेतात तरी का? याचा विचार करताना मला याच रस्त्यावरच्या इंदूरचे महाराज आठवतात, यशवंतराव होळकर दुसरे.

होळकर आम्हा खानदेशींना परके नाहीत. घराण्याचे संस्थापक मल्हारराव लहानपणीच पोरके झाले आणि आईबरोबर तळोद्याला मामाकडे, भोजराज बारगळांकडे आले. आधी मेंढरं राखली, मग मामांच्या घोडदळात शिरले. मामांचीच लेक गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. वेगाशी या घराण्याचं नातं असं जुनं, घोड्याच्या पाठीवरचं.

यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. मुंबईतल्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये वडील तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि ती सतरा वर्षांच्या या मुलाकडे आली. शिक्षण ऑक्सफर्डला झालं. कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० मध्ये, आणि त्यानंतरही इंग्रजांची नजर होतीच.

पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. दोघांची आवड अगदी नव्या जमान्याची. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. जुन्या नक्षीकामाच्या जागी सरळ रेषा, काच आणि चकाकता धातू! ब्रांकुशी या शिल्पकाराचे पक्षीही घेतले. त्या पक्ष्यांना पंख नाहीत, डोळे नाहीत, आहे ती फक्त झेप.

त्यांची ड्यूसेनबर्ग गाडीही याच जातीची. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचं, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची, रंग केशरी आणि काळा. आठ सिलिंडरच्या या इंजिनाची ताकद कंपनी ३२० अश्वशक्ती सांगायची, तीही १९३५ च्या सुमारास! अशी दुसरी गाडी झालीच नाही.

हा नुसता दिमाख होता का? दिमाख तर होताच. पण तेवढ्यासाठी राजाला हत्ती, अंबारी पुरे होती. मला वाटतं, ज्याच्या वडिलांना गादीवरून उतरवलं गेलं, ज्याला प्रत्येक पाऊल परक्या सरकारला विचारून टाकावं लागायचं, त्याला एक तरी चाक आपल्या हातात हवं असेल. आपल्याकडचे गाडीवेडेही बहुतेक हेच विकत घेतात. दिवसभर दुसऱ्यांच्या तंत्राने चालायचं आणि घटकाभर आपल्या.

मात्र हा पैसा माळव्या-निमाडातल्या रयतेच्या घामाचा होता, हेही विसरून चालणार नाही.

आणि पैशाने सगळं मिळतं थोडंच? १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. पंचविशीही गाठली नव्हती त्यांनी. लेक उषाराजे चार वर्षांचीही नव्हती. ब्रांकुशीकडून एक ध्यानमंदिर बांधून घ्यायचं होतं. तो इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. महाराजांनी पुढे आणखी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. पहिलं फार टिकलं नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९६१ मध्ये मुंबईत ते वारले.

माणिकबागेतल्या वस्तूंचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला. राजवाड्यात सरकारी कचेरी आली. केशरी गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली.

याच राजाने १९३८ मध्ये संस्थानातली देवळं दलितांना खुली केली होती. आज इंदूरच्या रिक्षावाल्याला ड्यूसेनबर्ग विचारा, तो तोंडाकडे बघत राहील. 'एम. वाय.' म्हणा, थेट महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडेल. मैत्रिणींनो, गाडी एका माणसाची हौस भागवते, भागवू द्यावी. पण त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते जिथे गरिबाला खाट मिळते तिथे.