किल्ल्याचा कारभार तिघांकडे, मग सर्व्हरचा एकाकडेच का?
शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर झाला. एप्रिल १६६३ मध्ये मोजक्या मावळ्यांसह मोगल छावणीचा पहारा चुकवून ते पुण्याच्या लाल महालात शिरले. शाहिस्तेखानाची बोटे तुटली. १६७० च्या अखेरीस मराठा फौजेने आजच्या वाशिम जिल्ह्यातील श्रीमंत कारंजा शहरातून मोठी लूट नेली.

पहारा असला तरी शिरकाव होतो, हे महाराज जाणून होते. म्हणून स्वतःच्या किल्ल्यांचा कारभार त्यांनी हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांत वाटला. एक जण फितला तरी किल्ला जाऊ नये! १६८० मध्ये रायगडावर त्यांचे निधन झाले.

वेबसाइटच्या सर्व्हरचेही तसेच. सगळे अधिकार एकाच पासवर्डमागे असतील, तर तो चोरीला जाताच सगळेच हातचे जाते.