बंदूक ठेवून वही घेतलेला माणूस : व्यंकटेश माडगूळकर आणि नागझिरा

'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर सर्वांना ठाऊक आहेत. पण वनखात्याच्या विश्रामगृहात मुक्काम ठोकून रानाकडे बघत बसणारे माडगूळकर?

१९२७ साली माणदेशातल्या माडगूळ गावी त्यांचा जन्म झाला. गदिमा हे थोरले भाऊ. व्यंकटेशांचं शिक्षण अर्धवट राहिलं. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले. इंग्रजी स्वतःच शिकले. पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी केली.

तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. तो हळूहळू सुटला, रानाची ओढ मात्र वाढतच गेली. या ओढीनेच ते नागझिऱ्याला गेले. साकोलीजवळचं हे जंगल तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (आज गोंदियात) आणि १९७० साली अभयारण्य झालेलं. तळ्याकाठी विश्रामगृह, वीज नाही, शेजार नाही. आजच्यासारखी सकाळ-संध्याकाळची सफारी करून परतायचं, असा हा प्रकार नव्हता. वाघ दिसला तर उत्तम, पण त्यांना रानगवे, माकडं, पाखरं, मुंग्यासुद्धा तितक्याच महत्त्वाच्या वाटत. पायी हिंडायचं, पाणवठ्यावर गप्प बसायचं, दिसेल ते टिपायचं. हात चित्रकाराचा, त्यामुळे रेखाटनंही व्हायची.

या मुक्कामातून 'नागझिरा' हे पुस्तक झालं. वानरांच्या टोळीतल्या सत्तासंघर्षावरच्या 'सत्तांतर' कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २००१ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्पात गेलं.